पुरातून वाचलेला आठ इंची वूफर आणि जुन्या दाराचं सागवान: स्पीकरचा डबा कसा बांधू?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मुक्काम सांगली. वडिलांची १९८०च्या दशकातली म्युझिक सिस्टीम आहे. अ‍ॅम्प्लिफायर आणि कॅसेट डेक माळ्यावर होते म्हणून २०१९च्या पुरातून वाचले. स्पीकरच्या दोन डब्यांपैकी एक जमिनीवर होता, तो पाण्यात गेला आणि चिपबोर्ड फुगून त्याचे पापुद्रे सुटले. दुसरा कपाटावर होता. तो वाचला, पण पुढे त्याला वाळवी लागली. आता दोन्ही डब्यांतून भाग काढून घेतलेत: आठ इंची वूफर (जाड आवाजाचे) दोन, ट्विटर (बारीक आवाजाचे) दोन. शिवाय आजोळचं घर उतरवलं तेव्हा एका दाराच्या सागवानी फळ्या आणून ठेवल्या होत्या, इंचभर जाडीच्या.

हे सगळं कशासाठी, तेही सांगतो. मामांनी गावच्या हरिनाम सप्ताहात रेकॉर्ड केलेल्या ३१ कॅसेट आहेत. त्यात मामांचा स्वतःचा पखवाज आहे. मोबाईलच्या स्पीकरवर तो पखवाज बोटाने टेबल वाजवल्यासारखा ऐकू येतो. मला तो नीट ऐकायचा आहे. खोली दहा बाय बाराची. बजेट ३,५०० रुपये, त्यावर जाता येणार नाही. काय करू?

गोट्या_७४
भंगारात जीव अडकवू नका. मी गेल्या दिवाळीला अ‍ॅक्टिव्ह स्पीकरची जोडी घेतली, १८ हजारांना. आतच अ‍ॅम्प, ब्लूटूथ, सगळं. बायकोसुद्धा म्हणाली की पैसे वसूल. हाच माझा सल्ला.

तारयंत्र
आधी भाग तपासा, डब्याचं नंतर बघू. मी २६ वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्ती केली आहे.

मल्टिमीटर ओहमवर लावून वूफरची दोन टोकं मोजा. ८ ओहमच्या स्पीकरला साधारण ६ ते ७ दिसायला हवेत, ४ ओहमला ३ ते ३.५. काहीच दिसलं नाही तर कॉइल तुटलेली. आकडा बरोबर आला म्हणून लगेच खूश होऊ नका. दोन्ही हातांची बोटं कागदी कोनावर चारी बाजूंनी सारखी ठेवून तो हलकेच आत दाबा आणि कान जवळ न्या. खरखर आली तर कॉइल मॅग्नेटच्या फटीत घासते आहे.

कोनाच्या कडेचा फोम बघा. त्या काळातला फोम दमट हवेत चिकट होतो आणि शेवटी भुगा होतो. तसं झालं असेल तर स्पीकर टाकू नका, नुसती कड बदलता येते. आणि वाळवीवाल्या डब्याच्या आतल्या बाजूची मापं आजच घेऊन ठेवा. तो डबा कुणीतरी त्याच वूफरसाठी हिशोब करून बांधलेला होता.

रंधा
जुन्या फळीत खिळे असतात, नुसते डोक्याचे नाही, मोडून आत राहिलेलेही. एक खिळा रंध्याच्या पात्याला लागला की पातं गेलं. माझं एकदा गेलंय, सहाणेवर दोन संध्याकाळी घासत बसलो होतो.

माझं मत: डबा १८ मिलिमीटरच्या एमडीएफचा (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचा) करा. सागवान सुंदर दिसतं पण पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आखडतं. सांध्याला फट पडली की बंद डबा बंद राहत नाही. एमडीएफ कापताना मास्क लावा, त्याची धूळ फार बारीक असते.

तानपुरा_मिरज
रंधा, सागवानाला नावं ठेवू नका. आमच्या मिरजेत पिढ्यानपिढ्या सतारी-तंबोरे बनतात. भोपळा पंढरपूरकडचा, लाकूड तूण किंवा सागवान. लाकूड जितकं जुनं तितकं गोड वाजतं. एमडीएफ म्हणजे लाकडाचा लगदा, तो काय वाजणार?

रंधा
तो वाजायलाच नको आहे! तंबोऱ्यात तार छेडली की भोपळा आणि तबली बोलली पाहिजे, कारण तो आवाज तिथेच जन्माला येतो. इथे पखवाज मामांनी आधीच वाजवला आहे. डबा बोलायला लागला तर प्रत्येक ठेक्यात डब्याचा स्वतःचा सूर मिसळणार. स्पीकरच्या डब्याने मुकं राहायचं असतं.

तानपुरा_मिरज
मग जुने रेडिओ का गोड वाटायचे? ते लाकडीच होते. आमच्या घरचा मोठा रेडिओ आजोबांनी तंबोऱ्याशेजारी ठेवला होता. सकाळचं भक्तिसंगीत लागलं की तारा आपोआप गुणगुणायच्या. पाहिलेलं सांगतोय.

तारयंत्र
दोघांचं खरं आहे. त्या रेडिओंची पाठ उघडी असायची आणि लाकूड बरंच सूर धरायचं, तो गोडवा कानाला सवयीचा झाला. पण कृष्णाकाठ यांचा वूफर बंद डब्यातला दिसतो. जुन्या डब्याला भोक होतं का?

नीलाक्षी
ट्विटरला कपॅसिटरशिवाय जोडू नका, एवढंच कळकळीने सांगते. मी सरळ वूफरच्या जोडीने जोडला होता. पहिलं गाणं छान झालं. दुसऱ्यात जळका वास आला आणि ट्विटर गप्प झाला. केसापेक्षा बारीक तार असते आत. ठोक्याचा जाड आवाज तिच्यावर गेला की ती तापते. दुकानदाराने मला हे सांगितलंच नव्हतं, उलट "थेट लावा, जोरात वाजतो" म्हणाला.

डॉल्बी_दणका
भावा, आठ इंचीत काय होतंय? आमच्या मंडळाकडं अठरा इंचीच्या सहा बेस आहेत. घरात लावायचा म्हटला तरी बारा इंची घे आणि डब्याला पुढनं चार इंची पाइप बसव. छातीत दणका बसला पाहिजे.

गोट्या_७४
तेच म्हणतोय मी. आठ इंचीत बेस मिळत नाही. १८ हजारांत माझ्याकडे जे आहे ते ऐकून बघा एकदा.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. मोजमाप केलं. दोन्ही वूफर मल्टिमीटरवर ६.४ दाखवतात, पण पाण्यातल्या वूफरचा कोन जागचा हलतच नाही. फटीत गाळ आणि गंज बसला आहे. कपाटावरचा मोकळा हलतो, खरखर नाही, मात्र कडेचा फोम बोट लावताच गळून पडला. ट्विटर एकच जिवंत. जुन्या डब्याला भोक नव्हतं. आतून मापं ४२ × २४ × २२ सेंटिमीटर.

म्हणजे माझ्याकडे एकाच बाजूचा स्पीकर आहे. आता?

सिनसिनाटीहून
फोमच्या कडा तयार मिळतात, इकडून तीन जोड्या मागवून मी स्वतः बदलल्या आहेत. पण खरं सांगू? जोडी नसेल तर सोडून द्या. एका स्पीकरवर कोण ऐकतं? मी इकडे गराज सेलमध्ये जोडी उचलली, आज तिची किंमत चौपट आहे. पुढच्या भारतवारीत एखादी जोडी आणू शकेन, फक्त वजनाचा प्रश्न आहे.

मैफलवाला
एकच स्पीकर म्हणजे पाप. नवे दोन वूफर घ्या, दोन नवे ट्विटर घ्या, तयार क्रॉसओव्हर (जाड आणि बारीक आवाज वेगळे करणारं सर्किट) घ्या. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर फिरा, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास फिरा. सहा-सात हजारांत काम होतं.

नीलाक्षी
मैफलवाला, त्यांनी ३,५०० लिहिलेत.

मैफलवाला
चांगल्या कामाला थोडं इकडेतिकडे होतंच.

तारयंत्र
मला एक विचारायचं आहे. मामांनी रेकॉर्डिंग कशावर केलं? एका माइकच्या साध्या टेपरेकॉर्डरवर असेल तर ते मोनोच आहे. दोन्ही चॅनेलवर एकच आवाज. मग दुसऱ्या स्पीकरने नवीन काही कळणार नाही.

आता हिशोब. ४२ × २४ × २२ म्हणजे सुमारे २२ लिटर. तेवढीच जागा नव्या डब्यात ठेवा. लांबी-रुंदी थोडी बदलली तर चालेल, पण लिटर तेच ठेवा आणि डबा पूर्ण बंद ठेवा. पाइप बसवायचा तर वूफरचे आकडे हातात हवेत: तो किती हर्ट्झला झुलतो, कोनाचा लवचिकपणा किती. ते नसताना पाइप म्हणजे अंदाजाने औषध. पाइप ज्या सुरावर जुळतो त्याच्या खालच्या सुरांना कोनाला हवेचा आधार राहत नाही आणि तो वेडावाकडा धावतो. बंद डब्यात आतली हवाच स्प्रिंगचं काम करते. ही कल्पना एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली स्पीकरमध्ये आणली, आणि त्यामुळेच लहान डब्यातून जाड आवाज शक्य झाला.

ट्विटर ८ ओहमचा असेल तर ४.७ मायक्रोफॅरॅडचा एक नॉन-पोलर (अधिक-उणे टोक नसलेला) कपॅसिटर ट्विटरच्या तारेत मध्ये (सीरिजमध्ये) जोडा. साधारण ४,२०० हर्ट्झच्या खालचा आवाज हळूहळू अडवला जातो. तो मिळाला नाही तर १० मायक्रोफॅरॅडचे दोन साधे कपॅसिटर उण्याला उणे जोडा, ५ होतात. जुन्या डब्यातला कपॅसिटर वापरू नका, आतून सुकलेला असतो.

अ‍ॅम्पच्या दोन चॅनेलच्या तारा एकत्र पिळून एका स्पीकरला देऊ नका. आउटपुट जळेल. एकच चॅनेल वापरा.

डॉल्बी_दणका
पाइपशिवाय बेस म्हणजे मीठ नसलेला रस्सा. पण तारेत मध्ये कपॅसिटर हे बरोबर हाय, आमच्यात पण तसंच करत्यात.

रंधा
मोनो असेल तर माझंही मत तेच, एकच डबा करा. पण एमडीएफचाच. सागवान वापरायचंच असेल तर बाजूंना वापरा आणि पुढची व मागची फळी १८ मिलिमीटर प्लायची ठेवा. वूफर प्लायवर बसेल, म्हणजे स्क्रूखालची जागा हलणार नाही. आतून सगळ्या सांध्यांना भुसा आणि फेव्हिकॉलची लापशी भरा. मधोमध एक आडवी पट्टी द्या, बाजूच्या दोन फळ्या एकमेकींना धरून ठेवतील. बोटाच्या पेराने ठोकून बघा. ढब आवाज आला पाहिजे, टण नको.

शेवंताबाई
आत काहीतरी भरतात ना? माझ्या भावाने ग्लासवूल भरलं होतं, महिनाभर हात खाजत होते.

तारयंत्र
जुन्या उशीतला पॉलिस्टर कापूस पिंजून सैल भरा. दाबून नाही. वूफरच्या मागे थोडी जागा मोकळी ठेवा.

सिनसिनाटीहून
कड चिकटवताना कोनाच्या मधली टोपी ब्लेडने कापा, नाहीतर कॉइल मधोमध बसली की नाही ते कळत नाही. कड मागवताना पत्र्याच्या सांगाड्याचं नाही, कागदी कोनाचं माप द्या. मी पहिल्या वेळी सांगाड्याचं दिलं होतं आणि कड एवढी मोठी आली की फेकावी लागली. आधी कड कोनाला चिकटवा, रात्रभर ठेवा, मग सांगाड्याला.

गोट्या_७४
एवढ्या खटाटोपापेक्षा तयार घेणं कधीही चांगलं.

कृष्णाकाठ
पाच आठवड्यांनी लिहितोय. डबा झाला.

मैफलवाला आणि सिनसिनाटीहून, क्षमा करा, जोडी केली नाही. मामांचा टेपरेकॉर्डर एका माइकचाच होता, मामीने सांगितलं. रंधा, तुमचा एमडीएफही घेतला नाही. चारी बाजू दाराच्याच आहेत, पुढे-मागे मात्र तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्लाय. आणि दणका, पाइप नाही.

सगळ्यात जास्त वेळ फळ्यांवर गेला. दारावर बाहेरून तीन थर दिसत होते: वर चॉकलेटी, खाली हिरवा, त्याखाली तेल प्यायलेलं काळं लाकूड. रंधा मारायच्या आधी पाण्यात गेलेल्या वूफरचं मॅग्नेट सोडवून दोऱ्याला टांगलं आणि फळीवरून हळूहळू फिरवलं. जिथे मोडका खिळा असेल तिथे दोरा तिरका व्हायचा. असे ११ खिळे निघाले. दोन कडीच्या जागेखाली होते, वरून काहीच दिसत नव्हतं. शेजारच्या सुतारकाकांच्या पात्याला एकही लागला नाही. तो वूफर वाजण्याच्या कामाचा राहिला नव्हता, तरी त्याने हे केलं.

कड बसवताना टोपी कापून कॉइलभोवती जुन्या एक्स-रेच्या चार बारीक पट्ट्या खोवल्या, म्हणजे ती मधोमध राहिली. दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या, कोन दाबून बघितला, खरखर नाही. टोपी परत चिकटवली.

खर्च: फोमची कड ३८०, प्लायचा तुकडा ३००, कपॅसिटर आणि तारा १२०, स्क्रू, फेव्हिकॉल, पॉलिश कागद आणि जवसाचं तेल मिळून ५६०. सुतारकाकांनी पैसे घेतले नाहीत, त्यांना पानसुपारी आणि शर्टाचं कापड दिलं, ४५० रुपये. एकूण १,८१०.

काल रात्री पहिली कॅसेट लावली. आधी बराच वेळ माणसांची कुजबुज, कुणीतरी खोकलं, टाळ जमिनीवर ठेवल्याचा आवाज. मग मामांनी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून एकदाच थाप मारली. तो "धूं" खोलीत येऊन थांबला. मामी जमिनीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कणीक अजून ओली आहे त्याची, जरा पातळ झालीय." पुढच्याच मिनिटाला टेपमध्ये मामा कुणाला तरी कोरडं पीठ मागतात.

तानपुरा_मिरज
सागवान ठेवलंत, बरं केलंत. अंगावर काटा आला.

रंधा
कोपऱ्याच्या सांध्याचा जवळून फोटो टाका. पावसाळा संपेपर्यंत फट पडते का ते मला बघायचं आहे.

तारयंत्र
ते सोडवलेलं मॅग्नेट आता कॅसेटच्या कपाटापासून लांब ठेवा. आणि कॅसेट स्पीकरच्या डब्यावरही रचू नका, वूफरच्या मागे तसंच मॅग्नेट आहे. टेप पुसली जाऊ शकते. ३१ च्या ३१ आधी संगणकावर उतरवून घ्या, मग हवं तितकं ऐका.

कृष्णाकाठ
तारयंत्र काका, कॅसेट डब्यावरच होत्या. आत्ता उठून उचलल्या. उद्यापासून उतरवायला घेतो. डेकमधून संगणकात वायर कुठली लागते?

गोट्या_७४
माझ्याकडे ब्लूटूथवाली...

नीलाक्षी
दोन आरसीए पिना आणि दुसऱ्या टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन. डेकच्या मागच्या लाइन-आउटमध्ये लावा, स्पीकरच्या टोकांना नाही. संगणकाला लाइन-इन आहे का ते आधी बघा, नुसतं माइकचं भोक असेल तर आवाज फाटतो.