प्रश्न लेन्सचा नाही, उजेडाचा आणि उंचीचा आहे

पुण्याजवळच्या कवडीपाटला टिपलेल्या शेकाट्यांची (लांब पायांच्या पाणपक्ष्यांची) पांढरी पिसे सपाट, तपशीलहीन दिसतात, म्हणून अधिक महाग लेन्स घ्यावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते घेऊ नये. मुळा-मुठेचे गडद पाणी चौकटीचा बहुतांश भाग व्यापत असल्यामुळे कॅमेरा संपूर्ण दृश्य गरजेपेक्षा उजळ करतो आणि पांढऱ्या पिसांतील बारकावे नाहीसे होतात. तेव्हा एक्स्पोजर (छायाचित्राला मिळणारा उजेड) दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवून (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) हिस्टोग्रामची, म्हणजे कॅमेऱ्यातील उजळपणाच्या आलेखाची, सर्वांत उजळ भाग दाखवणारी उजवी कड तपासत राहावे. त्याहून महत्त्वाची आहे ती उंची. काठावर उभे राहून टिपलेला पक्षी चिखलात हरवतो, पण कॅमेरा पाण्यालगत आणला की पार्श्वभूमी दूर जाऊन धूसर होते. (सांडपाण्याचा वास मात्र सोसावा लागतो.)

भिगवणला उजनी धरणाचे पाणी ओसरू लागले की उघड्या पडणाऱ्या चिखलपट्ट्यांवर तुतवार, चमचे आणि रोहित हे पाणपक्षी चरताना सापडतात. हलत्या नावेत ट्रायपॉडचा उपयोग नसल्याने शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवावा. उडत्या थव्याचा हट्ट मला अनाठायी वाटतो. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून पायाने तळ ढवळणारा चित्रबलाक करकोचा कितीतरी अधिक सांगून जातो. पक्ष्याने चरणे थांबवून मान ताठ केली, की तो बिचकला असे समजून नावाड्याला नाव तेथेच थांबवण्यास सांगावे.