शब्दचर्चा : ओहायो स्टेट–मिशिगन सामन्यात ‘पणाला’ नेमकं काय लागतं?

कोलंबसकर :
नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार जवळ आला की इथल्या मराठी घरांतही दुसरा विषय नसतो. ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन, म्हणजे कोलंबसचं विद्यापीठ विरुद्ध ॲन आर्बरचं. (फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन फुटबॉल, आणि तोही कॉलेजांचा.) भारतातल्या नातेवाइकांना कळावं म्हणून या सामन्यावर मराठीत एक टिपण लिहायला घेतलं आणि एका जागी अडलो. सामन्याआधी चाहते तावातावाने भांडतात ते ‘कोण जिंकणार’ यावर कमी, ‘यंदा हरलो तर आपलं काय जाणार’ यावर जास्त. यासाठी आपल्या क्रीडापानांवर तयार शब्द आहेत : प्रतिष्ठा पणाला, प्रतिष्ठेची लढत, निर्णायक लढत, अस्तित्वाची लढाई, ‘करो या मरो’. सगळे एकाच मापाने वापरले जातात. मला ते एक वाटत नाहीत. या सामन्याला कोणता बसतो?

ॲन आर्बरकर :
‘पणाला’पासून सुरुवात करू. पण म्हणजे द्यूतात मांडलेली वस्तू. पणन खात्यातला ‘पण’ही त्याच धातूचा, सौद्याचा. पण खरी गंमत क्रियापदात आहे. पणाला लावणे वेगळं आणि पणाला लागणे वेगळं. युधिष्ठिराने राज्य पणाला लावलं. द्रौपदी पणाला लागली, तिला कुणी विचारलं नव्हतं. खेळाडू आपलं शरीर पणाला लावतात, चाहत्यांचं वर्षभराचं सुख पणाला लागतं. त्यांच्या हातात काहीच नसतं, म्हणून तर आधीचा आठवडाभर एवढं बोलतात.

उदाहरण १९७३ चं देतो, आमच्याकडे ते अजून ठसठसतं. दोन्ही संघ अपराजित होते. सामना ॲन आर्बरला झाला आणि १०–१० असा बरोबरीत सुटला. त्या काळी बिग टेनमधला (दोघे ज्या विद्यापीठ-गटात खेळतात तो) एकच संघ हंगामानंतर खेळायला जायचा, तोही फक्त रोझ बोल या मानाच्या सामन्याला. बाकीचे घरी. बरोबरी झाल्यावर कुणाला पाठवायचं हे बिग टेनच्या दहा विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी दुसऱ्या दिवशी मतदानाने ठरवलं, आणि कौल ६–४ असा ओहायो स्टेटला गेला. मिशिगनचा क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा मुख्य खेळाडू) डेनिस फ्रँकलिन याचं गळपट्टीचं हाड त्या सामन्यात मोडलं होतं, ते कारण पुढे केलं गेलं. एकही सामना न हरता मिशिगनचा हंगाम तिथेच संपला. प्रशिक्षक बो शेंबेक्लर यांचा तो राग शेवटपर्यंत गेला नाही. मैदानावर कुणी हरलं नव्हतं, तरी पणाला लागलेलं गेलंच. यासाठी ‘निर्णायक लढत’ हा शब्द कसा चालेल? त्या लढतीने निर्णय दिलाच नव्हता.

नाशिककर :
यात ‘चुरस’ही घ्या, कारण बातम्यांत ती सर्रास ‘प्रतिष्ठे’च्या जागी येते. चुरस म्हणजे दोघे तुल्यबळ असणं, सामना कुठेही झुकू शकणं. किती मोठं काही जाणार आहे याचा तिच्याशी संबंध नाही. गल्लीतल्या कॅरमलाही चुरस असते.

कोलंबसकर :
बरोबर, आणि याला आमच्याकडचा दाखला आहे. २०२२ मध्ये दोघेही अकराच्या अकरा सामने जिंकून अपराजित आले. पणाला लागलेलं त्याहून मोठं क्वचितच असेल. निकाल मात्र मिशिगन ४५, ओहायो स्टेट २३. सामना संपता संपता चुरस नावालाही उरली नव्हती.

कोल्हापूरकर :
मला अमेरिकन फुटबॉल कळत नाही, पण आमच्याकडे शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे आपल्या नेहमीच्या फुटबॉलचे सामने असतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. तिथे कुणी ‘प्रतिष्ठा’ म्हणत नाही. शब्द असतो ‘ईर्ष्या’. ‘दोन्ही संघ ईर्ष्येने खेळले’ ही स्तुती असते. संस्कृतात ईर्ष्या म्हणजे मत्सर, पण मराठीने तिच्यातलं विष काढून जिद्द ठेवली. ‘इरेला पेटणे’ तिच्याच घरातलं. गुणतक्त्यात सामन्याला काही किंमत नसली तरी पेठेत मान वर करून फिरता आलं पाहिजे, एवढं पुरतं. तुमच्या वर्णनावरून मला तेच दिसतंय.

कोलंबसकर :
‘ईर्ष्या’ अगदी नेमका शब्द. त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात पाट्यांवर जिथे जिथे एम हे अक्षर असतं, तिथे लाल पट्टीने त्याच्यावर फुली मारलेली असते. मिशिगनला हरवलं की प्रत्येक खेळाडूला सोन्याची इवलीशी पँट मिळते. बोटाच्या पेराएवढी, साखळीत अडकवता येईल अशी, आणि तिच्यावर सामन्याची तारीख, गुणसंख्या आणि खेळाडूची आद्याक्षरं. ही प्रथा १९३४ पासूनची. तेव्हाचे प्रशिक्षक फ्रान्सिस श्मिट म्हणाले होते की मिशिगनवालेही आपल्यासारखेच एकेक पाय घालूनच पँट चढवतात. राष्ट्रीय विजेतेपद मिळालं तरी त्या वर्षी मिशिगनकडून हरलेल्याला ही पँट मिळत नाही.

आणि हे खरंच घडलं, २०२४ मध्ये. तिथेच माझा शब्द अडतो. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर होतं, मिशिगन सहा जिंकून पाच हरलेलं. सामना कोलंबसमध्ये, आणि मिशिगन १३–१० ने जिंकलं. मिशिगनकडून सलग चौथा पराभव. प्रशिक्षक रायन डे यांना काढा म्हणून ओरड झाली. पण त्याच वर्षीपासून प्लेऑफमध्ये (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत) चाराऐवजी बारा संघ घेऊ लागले होते, म्हणून ओहायो स्टेट आठव्या मानांकनावर आत राहिलं. मग टेनेसी, ओरेगन, टेक्सास आणि २० जानेवारी २०२५ ला नोत्र दाम, अशा चौघांना हरवून विजेतं झालं. तेव्हापासून इथे दरवर्षी वाद होतो की या सामन्यात आता पणाला उरलंय तरी काय.

ॲन आर्बरकर :
माझं मत उलट आहे. जुन्या व्यवस्थेत या सामन्यावर दोन गोष्टी अवलंबून असायच्या, पुढची वाटचाल आणि अब्रू. दोन्ही एकत्र असल्यामुळे लोक ‘निर्णायक’ आणि ‘प्रतिष्ठेची’ हे शब्द अदलून-बदलून वापरायचे आणि ते खपून जायचं. बारा संघांमुळे पहिली गोष्ट बऱ्याच अंशी वेगळी निघाली. दुसरी जशीच्या तशी राहिली. २०२४ चा सामना ‘निर्णायक’ नव्हता, पण शंभर टक्के ‘प्रतिष्ठेचा’ होता. त्या दिवशी सामना संपल्यावर मिशिगनच्या खेळाडूंनी ओहायो स्टेटच्या मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायला घेतला, हाणामारी झाली, पोलिसांनी तिखट फवारा मारला आणि दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलर दंड झाला. ज्या सामन्यात काही पणाला नाही, त्यानंतर माणसं अशी वागत नाहीत.

नाशिककर :
मग ‘अस्तित्वाची लढाई’ कुणाची?

ॲन आर्बरकर :
प्रशिक्षकाची. जॉन कूपर यांनी ओहायो स्टेटला तेरा हंगामांत १११ विजय मिळवून दिले, पण मिशिगनविरुद्ध तेरांपैकी जिंकले फक्त दोन, एक बरोबरीत. २००० च्या हंगामानंतर त्यांना काढलं, आणि आजही त्यांचं नाव निघालं की पहिल्यांदा तोच आकडा सांगतात. संघांचं अस्तित्व इथे धोक्यात येत नाही, कारण कॉलेज फुटबॉलमध्ये खालच्या गटात घसरण्याची पद्धत नाही. त्यामुळे संघाबद्दल लिहिताना हा शब्द टाळावा.

टोलेडोकर :
मी बरोबर सीमेवर राहतो. आमच्या गावच्या पट्ट्यावरून १८३५ मध्ये ओहायो आणि मिशिगनने आपापलं नागरी सैन्य उभं केलं होतं. शेवटी पट्टा ओहायोला गेला आणि मिशिगनला बदल्यात उत्तरेकडचा द्वीपकल्प मिळाला. म्हणून काही जण ‘हाडवैर’ लिहितात. मला तो शब्द जड वाटतो. आमच्या कार्यालयात दोन्हीकडचे लोक एकाच टेबलावर जेवतात. हाडवैरात पंगत होत नाही. ‘ईर्ष्या’च ठेवा.

कोलंबसकर :
ठेवतो. ‘करो या मरो’ काढून टाकतोय, तसंही ते हिंदीतून आलेलं. आत्तापुरतं असं लिहिलंय : ‘हा सामना हरूनही विजेतेपद मिळू शकतं हे २०२४ ने दाखवलं, तरी दोन्हीकडचे इरेला पेटून खेळतात, कारण वर्षभराची मान पणाला लागलेली असते.’ ‘मान’ इथे स्त्रीलिंगी घ्यावी की पुल्लिंगी, हे मात्र सांगा.

कोल्हापूरकर :
स्त्रीलिंगीच राहू दे. मान ताठ राहते किंवा खाली जाते, वाचणाऱ्याला लगेच दिसतं. पुल्लिंगी मान सत्काराच्या वेळचा, नारळ आणि फेट्याचा. तो पणाला कुणी लावत नाही.