तडजोड झाली की एफआयआर रद्द: हायकोर्टाने हे थांबवावं का?

आडवाट: सीआरपीसीचं (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) ४८२ आता बीएनएसएसचं (तिच्या जागी आलेला नवा कायदा) कलम ५२८ झालंय. प्रक्रियेचा गैरवापर रोखण्यासाठी आणि न्याय साधण्यासाठी हायकोर्टाला असलेले अंगभूत अधिकार. ते हवेतच. पण वापर बघा. पैसे अडकले की फसवणुकीसोबत बनावट दस्तऐवजाची कलमं लावून एफआयआर ठोकायची. समोरचा घाबरून पैसे देतो, मग फिर्यादी ‘माझी हरकत नाही’चं प्रतिज्ञापत्र घेऊन हायकोर्टात हजर. पोलीस फुकटचे वसुली एजंट! कोणते गुन्हे मिटवता येतात याची यादी कायद्यात आहे (आता कलम ३५९). त्याबाहेरचं काही तडजोडीवर रद्द होता कामा नये.

फौजदारीवाला: आणि जुन्या ४९८अ चं (नवरा-सासरच्यांकडून बायकोचा छळ) काय करायचं? तेही यादीबाहेर. संमतीने घटस्फोट झाला, दोघांनी पुन्हा लग्नं केली, तरी खालच्या कोर्टात तारखा चालूच. शेवटी बाई पिंजऱ्यात येऊन ‘आता काही आठवत नाही’ म्हणते, सरकारी वकील तिला फितूर जाहीर करतात, सगळे निर्दोष. एवढ्यासाठी पाच-सात वर्षं घालवायची? बी. एस. जोशी प्रकरणात (२००३) सुप्रीम कोर्टाने हेच ओळखलं. ग्यान सिंग निकालाने (२०१२) मर्यादाही आखली: खून, बलात्कार, दरोडा यात तडजोड चालणार नाही.

आडवाट: मर्यादा कागदावर. बाईने मनापासून लिहून दिलंय की माहेरच्यांच्या दबावाने, हे न्यायमूर्तींना कसं कळणार? बोर्डावर ढीगभर प्रकरणं, दोन प्रश्न विचारले की आदेश.

फौजदारीवाला: मग दोनाऐवजी दहा प्रश्न विचारा. अधिकारच काढून घ्यायचा हा कुठला न्याय?

तिसरी_बाजू: तुम्ही दोघं तडजोडीतच अडकलात. तडजोड न करता लढणाऱ्याचं बघा. एफआयआर कधी रद्द करता येते याचे भजनलाल निकालातले (१९९२) सात प्रकार प्रत्येक याचिकेत जसेच्या तसे डकवलेले असतात, सातही! आणि सुप्रीम कोर्टाच्या नीहारिका निकालापासून (२०२१, मूळ आदेश आपल्या मुंबई हायकोर्टाचाच) तपास चालू असताना ‘सक्तीची कारवाई नको’ हा अंतरिम दिलासा सहज मिळत नाही. म्हणजे खोट्या केसमधला माणूस अटकपूर्व जामिनासाठी धावतो आणि पैसे मोजणारा सुटतो.

आडवाट: हेच तर म्हणतोय! निदान एवढं करा, आरोपपत्र येईपर्यंत तडजोडीवर रद्द नाही. तपासात काय निघतं ते तरी कळेल.

फौजदारीवाला: नरिंदर सिंग (२०१४) वाचा. जुन्या ३०७ च्या (खुनाचा प्रयत्न) प्रकरणातसुद्धा सुप्रीम कोर्ट नेमकं उलट म्हणतं: तपास चालू असतानाच तडजोड झाली तर हायकोर्टाने हात सैल ठेवायला हरकत नाही, पुरावा नोंदवून झाल्यावर मात्र आखडता घ्यावा. तुमची अट आली तर मिटलेल्या भांडणातही पोलीस पंचनामे करत बसतील, आणि साक्षीदार तेव्हाही फुटतीलच.