सहवासात घड्याळ पाहिले, म्हणजे प्रेम आटले का?

मंजिरी_क
काल येथे एका लेखात असे प्रतिपादन झाले की, आकर्षणाने मेंदूतले डोपामिन हे रसायन वाढते, त्यामुळे सहवासातला वेळ पाहता पाहता सरतो, आणि ज्याचे लक्ष घड्याळाकडे जाते त्याचे प्रेम आटले असे खुशाल समजावे. हे शेवटचे वाक्य वाचून मला गप्प बसवले नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्त्रियांना पुरुषांची छायाचित्रे दाखवली, तेव्हा देखण्या चेहऱ्यांची छायाचित्रे त्यांना कमी देखण्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांपेक्षा अधिक वेळ समोर राहिल्यासारखी वाटली. म्हणजे आकर्षणाने काळ ताणलाही जातो. डोपामिनची गोष्टही सरळ नाही. औषधाने त्याचा प्रभाव वाढवला की अंतर्गत घड्याळ जलद चालते आणि तोच अवधी लांब भासतो, असे जुने प्रयोग सांगत होते; २०१६ साली लिस्बनच्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतल्या डोपामिन स्रवणाऱ्या पेशी चेतवल्या, तेव्हा मात्र उंदरांनी तोच अवधी कमी धरला, म्हणजे ते घड्याळ मंदावले. एवढ्या अनिश्चित पायावर कोणाच्या संसाराचा निवाडा करू नये.

रात्रपाळी
तो लेख माझाच आहे. छायाचित्र क्षणभर पाहणे आणि संध्याकाळभर शेजारी बसणे यांत काही फरक आहे की नाही? २०१२ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगात मिठाईची चित्रे लोकांना फुलांच्या चित्रांपेक्षा कमी वेळ दिसल्यासारखी वाटली, कारण नुसत्या आनंदाने नव्हे, तर ओढीने वेळ आखडतो. आपल्या विदर्भाशी नाते सांगणाऱ्या संस्कृत नाटककार भवभूतीचा रामही वनवासातल्या त्या रात्री आठवतो, ज्यांचे प्रहर सीतेशी बोलता बोलता कधी सरले ते कळलेच नाही.

खारे_वारे
माझे यजमान व्यापारी जहाजावर होते. ते रजेवर घरी आले की मी दिवसातून कितीदा तरी घड्याळ पाहत असे, कारण त्यांची बोट पकडायची तारीख ठरलेली असायची आणि प्रत्येक तास हातातून निसटत असे. आपल्या नियमाने माझे प्रेम आटले होते काय? आणि ते गेल्यावर, पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरून आमच्या घराकडे वळतो की शेजारच्या वाड्यात शिरतो, हे पाहण्यात जो वेळ जाई, तो आजच्या मुलांना कळणार नाही. त्यांना वाट पाहणे ठाऊकच नाही.

निनाद_९४
ताई, हे अन्यायाचे आहे. टपाल उशिरा आले तर दोष टपालाला देता येत होता. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा उमटतात, 'टाइप करत आहे' असे दिसते, ते मावळते आणि उत्तर येतच नाही, तेव्हा दोष द्यायला समोर एकच माणूस उरतो. ती पाच मिनिटे मी रात्रभर भोगली आहेत. आमच्या पिढीला वाट पाहणे ठाऊक नाही, हे कोणी ठरवले?

खारे_वारे
मी ठरवले नाही, पाहिले आहे. पण टपालाबद्दल तुम्ही म्हणता ते खरे. पत्र आले नाही तरी यजमानांवर संशय घ्यावा लागत नसे.

मंजिरी_क
वाट पाहताना आपले सगळे लक्ष वेळेवरच असते, म्हणून तो लांबतो. ते पत्र असो वा निळी खूण. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० मध्येच लिहिले होते की, भरगच्च अनुभवांचा काळ जाताना छोटा आणि आठवताना मोठा वाटतो. रजेचे ते थोडे दिवस आज ताईंना केवढे मोठे वाटत असतील! मग कोणते माप धरून आपण प्रेम तोलणार आहात?

रात्रपाळी
रजेच्या उदाहरणापुढे माझे वाक्य टिकत नाही, हे नाइलाजाने मान्य करतो आणि ते मागे घेतो. तथापि ताटातुटीच्या भीतीने घड्याळ पाहणे वेगळे आणि सुटकेसाठी पाहणे वेगळे. माझ्या बहिणीने दुसऱ्या प्रकारचे पाहणे वर्षानुवर्षे सोसले आहे, आणि समोरचा माणूस मनगटाकडे कशासाठी पाहतो हे तिला प्रयोगाविना कळत होते.