प्रति: एस२००० डीलरला द्यावी की स्वतः विकावी?

डीलर फारच कमी किंमत देतोय, मग बे एरियात (कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) २००६ ची एस२०००, म्हणजे होंडाची कापडी छपराची दोन सीटची स्पोर्ट्स कार, स्वतः विकावी का, असं तुम्ही विचारलंय. नक्की स्वतःच विका. होंडाने ही गाडी २००९ मध्येच बंद केली. फेरफार न केलेली, एकाच मालकाने वापरलेली गाडी शोधणारे चार पैसे जास्त मोजतात, ते डीलरच्या खिशात का जावेत?

फोटोंच्या आधी कागद लावा. ऑइल बदलल्याच्या पावत्या तारखेनुसार एका फाइलमध्ये. जाणकार माणूस आल्याआल्या थंड इंजिन सुरू करायला लावतो, कारण टायमिंग चेनचा टेन्शनर (इंजिनातली साखळी ताणून धरणारा भाग) गेला असेल तर खडखड तेव्हाच नीट ऐकू येते. म्हणून तो यायच्या आधी गाडी तापवून ठेवू नका, संशय येतो. छपराच्या कापडाला घडीपाशी चीर असेल तर तिचा जवळून फोटो टाका. दुसऱ्या गिअरला खरखर असेल तर तेही लिहा. लपवलेलं एका चकरेत उघडं पडतं आणि मग पावत्यांवरचाही विश्वास उडतो.

कॅलिफोर्नियात ९० दिवसांच्या आतलं स्मॉग सर्टिफिकेट (गाडीच्या धुराच्या तपासणीचा दाखला) विकणाऱ्यानेच द्यायचं असतं. खोटे कॅशिअर्स चेक (बँक स्वतःच्या नावाने काढते ते चेक) फिरतात, तेव्हा व्यवहार खरेदीदाराच्या बँकेतच करा. चेक डोळ्यांदेखत बनला की मगच टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) सही. आणि ५ दिवसांत डीएमव्हीला (गाड्यांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या खात्याला) रिलीज ऑफ लायबिलिटी, म्हणजे गाडी विकल्याची सूचना, भरा, नाहीतर नव्या मालकाचे पार्किंगचे दंड तुमच्या पत्त्यावर येतील.