विद्युत सुरक्षा तपासणीसाठी कोणती पात्रता आणि कोणता विमा हवा?

प्रश्न
नमस्कार. मी गेली बारा वर्षे वायरमन म्हणून काम करत असून माझ्याकडे त्याचा परवाना आहे. आता जुन्या वायरिंगची तपासणी करून लेखी अहवाल देण्याचे काम स्वतंत्रपणे सुरू करायचे आहे. त्यासाठी हा परवाना पुरेसा आहे का, आणि विमा कोणता घ्यावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
अहवालावर सही करण्याचा अधिकार कोणाला, हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो. तेव्हा परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून ते लेखी घ्या. मात्र वायरिंग करता येणे आणि दुसऱ्याचे वायरिंग पारखता येणे, ही दोन निराळी कौशल्ये आहेत. तपासणीचे वेगळे प्रशिक्षण अवश्य घ्या आणि काही महिने जाणत्या तपासनिसाच्या हाताखाली काम करा. 230 व्होल्टच्या सर्किटवर 500 व्होल्ट डीसीने मेगर केल्यावर (म्हणजे तारांच्या आवरणाचा विद्युतरोध मोजल्यावर) किमान 1 मेगओहम मिळावा, असे आयईसी 60364-6 हे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. पण शेजारची सर्व सर्किटे 200 मेगओहमच्या वर असताना एकच 1.2 दाखवत असेल, तर ते नियमात बसत असूनही तिथे ओल किंवा दुखावलेली केबल असू शकते, हे ओळखून अहवालात लिहिणे म्हणजे खरी पात्रता. मीटरचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र (मीटर अचूक मोजतो याचा दाखला) मुदतीत असावे, हे ओघानेच आले.

प्रतिसाद २
विम्याबाबत बहुतेकांची गफलत होते, म्हणून सविस्तर लिहितो. सार्वजनिक दायित्व विमा हा काम करताना कोणाला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर उपयोगी पडतो. तपासनीस मात्र आपले मत देत असतो. सैल न्यूट्रल तुमच्या नजरेतून सुटला, अहवालात ‘समाधानकारक’ असे लिहिले गेले आणि सहा महिन्यांनी बोर्ड जळाला, तर दावा त्या मताविरुद्ध येतो. त्यासाठी व्यावसायिक दायित्व विमा लागतो. ही पॉलिसी सहसा दावा दाखल होतो त्या वेळी चालू असावी लागते, म्हणून व्यवसाय थांबवल्यानंतरही काही वर्षे संरक्षण चालू ठेवावे. प्रस्तावात ‘विद्युत काम’ एवढेच न लिहिता ‘तपासणी, चाचणी आणि अहवाल’ असे स्पष्ट लिहून घ्या. मदतनीस ठेवणार असाल, तर त्याचा विमा वेगळा घ्यावा.

प्रतिसाद ३
वरील मुद्द्यांना माझ्या चुकीची जोड देतो. एका कार्यालयात मेगर करताना छताआडचा एक एलईडी ड्रायव्हर (एलईडी दिव्याला योग्य वीज पुरवणारा भाग) सर्किटला जोडलेलाच राहिला आणि निकामी झाला. विमा कंपनीने दावा नाकारला, कारण ज्या वस्तूवर प्रत्यक्ष काम चालू आहे तिचे नुकसान माझ्या पॉलिसीतून वगळलेले होते. ते कलम मी सही करण्यापूर्वी वाचलेच नव्हते. तेव्हापासून मी फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून त्यांची अर्थशी चाचणी घेतो, आणि जिथे हात पोहोचला नाही ती प्रत्येक जागा कारणासह अहवालात नोंदवतो.

प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. सध्याच्या पॉलिसीत फक्त ‘वायरिंग व दुरुस्ती’ असे लिहिलेले आढळले. ते बदलून मिळेपर्यंत एकाही अहवालावर सही करणार नाही.