शब्दचर्चा: ‘हेमी’, मसल कार आणि ४/२६ – २६ एप्रिलच्या गमतीच्या सणाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

माझा भाचा मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ राहतो. दर २६ एप्रिलला घरच्या ग्रुपवर त्याचा एक फोटो येतो: जुनी अमेरिकन मोटार, बॉनेट उघडं, आत भलंमोठं इंजिन. खाली ओळ असते, ‘हेमी डेच्या शुभेच्छा’. आणि दर वर्षी त्याची आजी, म्हणजे माझी आई, मला विचारते, “ही हेमी कोण गं?”

यंदा तिला नीट सांगायचंच असं ठरवून बसले आणि अडले. सण कोणी जाहीर केलेला नाही, सुट्टी नाही, जुन्या गाड्यांच्या वेड्यांनी हौसेने धरलेला आहे, एवढं सांगता आलं. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो, त्यामुळे २६ एप्रिल म्हणजे ४/२६. आणि क्रायस्लर कंपनीचं ते नावाजलेलं इंजिन ४२६ घनइंचांचं. पण आपण तीच तारीख २६/४ लिहितो, तिथे गंमत संपते. शिवाय ‘हेमी’चा अर्थ काय, ‘मसल कार’ला काय म्हणू, आणि हा ‘दिन’ म्हणावा की ‘दिवस’? आजीला कळेल अशा मराठीत हवं आहे.

प्रतिसाद

ताई, ‘हेमी’ला मराठी शब्द शोधण्याआधी वस्तू बघू. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवून उलटं ठेवलं की पेट्रोल-हवा जळते ते खड्डे दिसतात. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन व्ही-८ (इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात आठ सिलिंडर) इंजिनांत हा खड्डा पाचरीसारखा, एका बाजूला निमुळता. त्याला वेज हेडच म्हणत, म्हणजे शब्दशः पाचर. दोन्ही व्हॉल्व एका रांगेत शेजारी शेजारी. हेमीत मात्र तो खड्डा वाटीसारखा गोल. वाटीच्या एका उतारावर हवा आत घेणारा व्हॉल्व, समोरच्या उतारावर धूर बाहेर टाकणारा, आणि स्पार्क प्लग मधोमध. व्हॉल्व मोठे बसतात, हवा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने सरळ निघून जाते. किंमत अशी की हेड रुंद, जड आणि बनवायला महाग. या मोठेपणामुळे आणि जडपणामुळेच तिथे ४२६ला ‘हत्ती’ म्हणतात.

अर्धगोल, इंग्रजीत हेमिस्फेरिकल, म्हणून हेमी. आजीला सांगताना ‘वाटीचं इंजिन’ म्हणा, लगेच कळेल. पाठ्यपुस्तकी भाषेत ‘अर्धगोलाकार ज्वलनकक्ष’ होतो. बरोबर आहे, पण तो शब्द बोलता बोलता सण निघून जाईल.

आता आकडा. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ४.२५ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३.७५ इंच, सिलिंडर आठ. त्या व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ, धाव आणि आठ यांचा गुणाकार केला की ४२५.६ घनइंच येतात, म्हणून ४२६. आपल्या सीसीत सुमारे ६,९७४. म्हणजे एकेका सिलिंडरमध्ये ८७२ सीसी. आपली जुनी बुलेट ३४६ सीसीची. हेमीच्या एका सिलिंडरमध्ये अशा अडीच बुलेट मावतात. आजीला बुलेट माहीत असेल तर हेच सांगा.

प्रतिसाद

वरच्या काकांनी वस्तू दाखवली, मी शब्दाचं घराणं सांगते. ‘हेमी’ हे ग्रीक उपपद, अर्थ अर्धं. त्याचं लॅटिन भावंड ‘सेमी’, जे सेमीफायनलमुळे आपल्या घरात आलेलंच आहे. आणि तिसरं भावंड संस्कृतात आहे: ‘सामि’, अर्थ तोच, अर्धं. ‘सामिकृत’ म्हणजे अर्धवट केलेलं. पाणिनीच्या अष्टाध्यायीत तर ‘सामि’ एवढंच एक अख्खं सूत्र आहे. मूळ ‘स’चा ग्रीकमध्ये शब्दारंभी ‘ह’ होतो. आपलं सप्त, त्यांचं हेप्टा. तेव्हा ही हेमी आपल्याला परकी नाही, दूरच्या नात्यातली आहे. मला हे फार आवडतं.

लिहिताना ‘हेमि’ नको, ‘हेमी’ हवं. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ. सामासिक म्हणून ‘हेमि-इंजिन’ लिहावं असं कोणी म्हणेल, पण हा तत्सम शब्द नाही, तो नियम इथे लावू नये.

दिन की दिवस? महाराष्ट्र दिन, शिक्षक दिन, मराठी भाषा गौरव दिन: ‘दिन’ आला की मागे परिपत्रक, भाषण, हार असं काहीतरी उभं राहतं. हौसेने धरलेल्या गोष्टीला ‘हेमीचा दिवस’ पुरे. ‘चा’ लावल्याने जिव्हाळा येतो. ‘जयंती’ मात्र चालणार नाही, कारण इंजिनाचा जन्म २६ एप्रिलचा नाही. ४२६ पहिल्यांदा शर्यतीत उतरलं ते फेब्रुवारी १९६४ मध्ये, डेटोना ५०० ला. रिचर्ड पेटी हा चालक जिंकला आणि पहिले तिन्ही क्रमांक क्रायस्लरच्याच प्लिमथ गाड्यांनी घेतले.

प्रतिसाद

त्या शर्यतीचं पुढचंही सांगायला हवं, कारण ‘स्ट्रीट हेमी’ हा शब्द तिथून आला. जे इंजिन गिऱ्हाइकाला विकत मिळत नाही ते शर्यतीत कसं, म्हणून नॅसकारने (या शर्यती भरवणारी अमेरिकन संस्था) १९६५ साठी नियम बदलला आणि हेमी बाहेर पडली. मग क्रायस्लरने १९६६ पासून ती रस्त्यावरच्या गाड्यांत बसवली, कागदावर ४२५ अश्वशक्ती लिहून. १९७१ नंतर बंद. प्रदूषणाचे नवे कायदे आणि विम्याचे चढे हप्ते या दोघांनी तो सगळा जमानाच आवरता घेतला. १९७३ चं तेलसंकट आलं तेव्हा फार काही उरलेलं नव्हतं.

मसल कारला ‘स्नायू गाडी’ असं भाषांतर मी कुठेतरी वाचलं आणि जीव कासावीस झाला. मूळ अर्थ काय? साधी, मध्यम आकाराची, दोन दारांची घरगुती गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन. १९६४ ची पोंटियॅक जीटीओ हिचं पहिलं ठळक उदाहरण मानतात, ३८९ घनइंच. स्पोर्ट्स कार अंगानेच चपळ असते, वळणावर चमकते. ही सरळ रस्त्यावर जोर दाखवणारी. माझ्या कोल्हापुरी कानाला ‘पैलवान गाडी’ बरोबर बसतं. तालमीत घुमणारा गडी एरवी चारचौघांसारखाच सदरा घालून रस्त्यावरून जातो, तसं.

प्रतिसाद

पैलवान गाडी बोलण्यात छान, पण वाहनांवरच्या लेखात ‘मसल कार’च ठेवा. तो शब्द आता इथेही रुळला आहे.

मला खरं तर त्या आकड्याबद्दल बोलायचं आहे. ताई म्हणतात २६/४ लिहिलं की गंमत संपते. माझ्या मते ती त्याच्याही आधी संपते, आकडा वाचताना. इंग्रजीत लोक ‘फोर ट्वेंटीसिक्स’ म्हणतात, म्हणजे चार वेगळा आणि सव्वीस वेगळा. तारीख त्यात आयतीच पडलेली. आपण ‘चारशे सव्वीस’ म्हणतो, ‘शे’ मध्ये येतो आणि जोड बुजते. म्हणून मराठीत या सणाला ‘चार-सव्वीस’ म्हणावं. आपल्याला आकड्यांची नावं करायची सवय आहेच. छत्तीसचा आकडा ३ आणि ६ पाठ फिरवून बसतात म्हणून झाला. देवनागरीत लिहिल्याशिवाय तो दिसतच नाही. नऊ-दोन-अकरा बेरजेवर उभा आहे. चारसोबीस भारतीय दंडसंहितेच्या कलमावर. (१ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं. आणि ३१८ हेही क्रायस्लरच्याच एका व्ही-८ इंजिनाचं माप! त्याचा दिवस १८ मार्च.)

असाच तारखेचा खेळ गणितातल्या ‘पाय’चा (π, सुमारे ३.१४ किंवा २२/७) आहे. अमेरिकेत पाय दिवस १४ मार्चला, ३/१४ म्हणून. दिवस आधी लिहिणाऱ्यांनी २२ जुलै शोधला, २२/७. पण ४२६ला तशी पळवाट नाही, चार तारीख आणि सव्विसावा महिना कुठून आणणार? म्हणून शब्दातच ‘चार-सव्वीस’ धरून ठेवायचं.

आणि एप्रिलचा शेवट बघा, नुसती रांग लागते. २५ ला ओल्ड्समोबिल आणि ब्यूकचं ४२५, २६ ला हेमी, २७ ला शेवरलेट आणि फोर्ड दोघांचं ४२७, २८ ला फोर्डचं ४२८ कोब्रा जेट, २९ ला बॉस ४२९, ३० ला ब्यूकचं ४३०. क्रायस्लरच्याच बिचाऱ्या ४४० ला आणि शेवरलेटच्या ३५० ला कॅलेंडरात जागाच नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, हे आकडे नावं आहेत, मापं असतीलच असं नाही. फोर्डच्या ४२७ चा बोअर ४.२३ आणि स्ट्रोक ३.७८, गुणाकार ४२५ च येतो. त्यांचं ४२८ मोजलं तर साडेचारशे सव्वीस म्हणावं असं, म्हणजे ४२६.५. आपली ‘साडेतीनशे’ बुलेट ३४६ ची, तसंच. म्हणून ‘४२६ घनइंचांचं इंजिन’ हे वर्णन झालं आणि ‘४२६ हेमी’ हे नाव. नावात घनइंच घालू नये.

प्रतिसाद

‘साडेचारशे सव्वीस’ नको हो, साडेचारशे म्हणजे ४५०. ‘साडे’ शेकड्याला चिकटतं. ‘चारशे साडेसव्वीस’ म्हणा.

प्रतिसाद

बरोबर, चूक माझी. चारशे साडेसव्वीस.

प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाटीचं इंजिन, अडीच बुलेट आणि पैलवान गाडी असं क्रमाने सांगितलं. वाटी लगेच कळली. आज भाच्याला ग्रुपवर मराठीत लिहिलं, ‘चार-सव्वीसच्या शुभेच्छा, आज हेमीचा दिवस.’ त्याने उत्तरादाखल इंजिन चालू केल्याचा आवाज पाठवला. आई म्हणाली, “हे फटफटत नाही, मग काय करतं?” याला काय शब्द वापरावा?

प्रतिसाद (वाटीवाले काका)

आईंचा कान चांगला आहे. फटफटी हा शब्दच एका सिलिंडरच्या आवाजाचा. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर बुलेट सेकंदाला सहा-सात वेळा पेटते. एकेक फट वेगळा ऐकू येतो. व्ही-८ तेवढ्याच फेऱ्यांवर सेकंदाला त्रेपन्न वेळा पेटतं, फट कसा सुटा राहील? पण एका बाजूच्या चार सिलिंडरांचा पेटण्याचा ताल समान नसतो, दोन पटकन, मग जरा थांबून एक. त्यामुळे सलग घरघर न होता मध्ये गचके बसतात. मोठ्या कुत्र्याने छातीतून काढावा तसा आवाज. मी ‘गुरगुर’ म्हणेन. पाय दाबला की ‘गडगडाट’.